मुरगावच्या बोटी बघायला

शनिवार, २० एप्रिल १९४६. सकाळी साडेआठला, दुसरी भाकरी तव्यावर असताना, मनुबाईंनी सांगून टाकलं की मुरगावच्या बुडालेल्या बोटी बघायला त्याही येणार.

सांगितलं ते थोरल्या जावेला, रुक्माबाईंना. त्यांचे यजमान नागोजीआप्पा तिथंच, तीन हातांवर न्याहारीला बसले होते. पण धाकट्या भावाच्या बायकोनं थोरल्या दिराशी समोरासमोर बोलायचं नाही, ही या घराची रीत. आणि मनुबाई उचगावात नांदायला आल्याला चौतीस वर्षं झाली तरी ती मोडलेली नव्हती. त्यामुळे आप्पांनी स्वतःच्या कानांनी जे ऐकलं होतं तेच रुक्माबाईंनी त्यांना पुन्हा सांगितलं.

"मनू म्हंती, तीबी येणार."

"ऐकलं," आप्पा म्हणाले. "तिला इचार, चांदीचं काय करायचं?"

"आप्पास्नी सांगा आक्का," मनुबाई तव्याकडं बघत म्हणाल्या, "चांदीला ठावं हाय. काल सांगटलंय मी तिला."

चांदी म्हणजे गोठ्यातली म्हैस. तिसरं वेत, मेच्या पहिल्या आठवड्यात व्यायची होती, आणि मनुबाईंशिवाय कुणाला कासेला हात लावू देत नव्हती. गेल्या वेळी शेजारच्या बाईनं धीर केला तर तिला दोन दिवस हळदीचा लेप लावून बसावं लागलं होतं. घरातली लग्नं, जत्रा, बारशी, सगळ्यांना सगळे जात आणि मनुबाई म्हशीजवळ राहत. राहशील का, असं त्यांना कुणी विचारत नव्हतं; दाराला कडी असते तशा त्या घराला होत्या. आज कडीच म्हणत होती, मी येते.

बोलणं संपल्यासारखं मनुबाईंनी मिठाची चिमूट घेतली आणि चुलीत टाकली. मीठ तडतडलं. रोज सकाळी पहिली भाकरी वाढण्याआधी हे व्हायचंच. घरातल्यांचा समज असा की त्या दृष्ट काढतात. दृष्टीचा काही संबंध नव्हता. बऱ्याच वर्षांपूर्वी आप्पा एकदा पाण्याचा तांब्या घ्यायला आत गेले, तेव्हा त्यांनी ते पुटपुटणं ऐकलं होतं: "माझा नारळ गिळलास, माणूस दिला न्हाईस. जळ मेल्या." मीठ समुद्रातून येतं. मनुबाई रोज थोडा समुद्र जाळत होत्या.

ते ऐकल्यापासून या घरातली भाकरी आप्पांना पहिल्या घासाला कधी गोड लागली नाही. कारण समुद्राला तो नारळ मिळालेलाच नव्हता, आणि हे जगात एकट्या आप्पांना माहीत होतं.

घडलं होतं ते असं. १९१५ सालच्या दिवाळीनंतर मधला भाऊ भावकू, मनुबाईंचा नवरा, पलटणीबरोबर बसऱ्याला निघाला. बेळगाव स्टेशनात गाडी लागली. पलटणीचे डबे पुढं. थोरला भाऊ म्हणून मुंबईच्या धक्क्यापर्यंत पोचवायला निघालेले नागोजी मागच्या डब्यात. अठरा वर्षांच्या मनुबाईंनी त्यांच्याजवळ नारळ दिला होता, हळदकुंकू लावून आपल्या लग्नातल्या हिरव्या खणात बांधलेला. बोट हलली की तो दर्याला द्यायचा, म्हणजे दर्या माणूस परत देतो, असं कुणी तरी त्यांना सांगितलं होतं. चौथ्या दिवशी नागोजी परत आले आणि म्हणाले, बोट गेली, नारळ दिला. पुढच्या मार्चात भावकू तायग्रीस नदीच्या काठी कामी आला. सरकारनं त्याच्या नावाचा पितळेचा गोल पत्रा पाठवला; तो देवळीत होता. दर्या कसा असतो, असं मनुबाईंनी रुक्माबाईंकरवी एकदाच विचारलं होतं. आप्पांनी उत्तर दिलं होतं, "लई पाणी हाय."

ते खोटं नव्हतं. पाणी त्यांनी पाहिलं होतं. फक्त ते कोल्हापूरच्या रंकाळ्याचं होतं.

*

संध्याकाळी साडेपाचला धाकटा भाऊ मारुतीराव बेळगावहून आला, बायको जयाबाईला घेऊन. मामलेदार कचेरीतला कारकून. कागदावर उतरल्याशिवाय गोष्ट झाली असं तो मानत नसे. सहलीचं पत्रक त्यानं सुवाच्य अक्षरात तयार केलं होतं. 'युद्धस्थळदर्शन' असं वर लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या. शनिवार, ४ मे: बेळगावहून गाडीनं लोंढा. तिथं लष्करी गाड्या उभ्या राहायच्या तो फलाट आणि शिपायांना चहा मिळायचा ती पत्र्याची शेड. नंतर कॅसलरॉक: लढाईच्या दिवसांत पहारा असलेले बोगदे. मग दूधसागर डावीकडं की उजवीकडं ते शामूला विचारून लिहायचं होतं. शेवटी मुरगाव बंदर, जळून बुडालेल्या बोटी, होडीतून फेरी. मार्गदर्शक: शामू.

"मार्गदर्शक," जयाबाईंनी वाचून दाखवलं. "म्हणजे आपला सांधेवाला शामूच ना?"

शामू तिथंच उंबऱ्यावर बसून शेंगा खात होता. मनुबाईंच्या जांबोटीच्या भावाचा मुलगा, लोंढा स्टेशनात रुळांचे सांधे बदलायच्या कामावर. त्याला राग आला नाही. त्यानं सांगितलं, सांधेवाला नसेल तर मार्गदर्शक लाख असले तरी गाडी भलतीकडंच जायची. आप्पांनी पानाचा डबा उघडला आणि पुन्हा बंद केला.

हा सगळा बेत मुळात निघाला ज्योतिबासाठी. आप्पांचा हा एकुलता मुलगा इटलीत लढून तीन वर्षांनी जानेवारीत सुखरूप परत आला होता. घरानं त्याला हार घातले, पेढे वाटले, पण काय काय झालं ते त्याला सांगता येईना आणि यांना कळेना. शिमग्याला शामू आला आणि मुरगावच्या बोटींचं वर्णन करू लागला, तेव्हा ज्योतिबा पहिल्यांदा मोकळा बोलला. म्हणाला, आपण सगळे जाऊ या, मी एकेक दाखवतो, हा बॉयलर, ही बोटीची पुढची नाळ, इथं तोफ असते. म्हणजे तुम्हाला समजेल. त्या दिवशी घरात जो हुरूप आला तो अजून टिकून होता. रुक्माबाईंनी प्रवासाच्या दशम्यांसाठी गूळसुद्धा वेगळा काढून ठेवला होता.

शामूनं आता पुन्हा रंगवून सांगितलं. तीन बोटी जर्मनांच्या, एक इटलीवाल्यांची. लढाई सुरू झाली तशा पोर्तुगीजांच्या बंदरात आश्रयाला येऊन पडल्या, त्या तीन-साडेतीन वर्षं तशाच. मग १९४३च्या मार्चात एका रात्री चारी पेटल्या. आता पाण्यावर डोलकाठ्या तेवढ्या उभ्या. मोनू नावाचा एक होडीवाला लोकांना भोवती फिरवतो आणि गोष्ट सांगतो.

"खरं, गोष्ट गिऱ्हाईक बघून सांगतोय त्यो," शामू म्हणाला. "छावणीतला साहेब असला तर बोटी इंग्रजांनी जाळल्या. पाद्री असला तर देवानं. आमच्यासारखं कोण असलं तर जर्मनांनी आपल्याच हातानं."

"आणि तो स्वतः कुठं होता?" मारुतीरावानं विचारलं.

"त्यो सासुरवाडीला गेलता."

सगळे हसले. आप्पा हसले नाहीत. त्यांना त्या होडीवाल्याबद्दल आपुलकी वाटू लागली होती.

मग म्हशीचा विषय निघाला आणि घराचे दोन तट पडले. जयाबाईंचं म्हणणं, मनुबाई एवढी वर्षं राहिल्या, आता रुक्माबाईंनी राहावं. रुक्माबाई म्हणाल्या, जयाबाईंनी राहावं. शहरात राहून म्हशीचं तोंड कुठल्या बाजूला असतं हे विसरली असशील, तेवढीच उजळणी. मारुतीरावानं बायकोची बाजू घ्यायला तोंड उघडलं, वहिनीकडं बघितलं, आणि वयाप्रमाणं ठरवावं असं काही तरी मोघम बोलून मिटलं. ज्योतिबा म्हणाला, मीच राहतो. त्यासरशी दोन्ही तट एक झाले आणि त्याच्यावर तुटून पडले. वराशिवाय वरात कुणी काढतं का. तो गप्प झाल्यावर तट पुन्हा पडले, या वेळी वेगळे: दोन्ही जावा एकीकडं आणि मारुतीराव एकटा. बायका मिळून असं ठरत होतं की म्हैस शेवटी म्हैस आहे, पुरुषाचा हातसुद्धा तिला चालेल.

आप्पांना वाट दिसली. ते घसा साफ करून म्हणाले, "मग मी ऱ्हातो. तुमी समदी जावा. म्या दर्या बघितलाय."

हे बोलणं त्यांना स्वतःला इतकं शोभून दिसलं की क्षणभर त्यांना बरंच वाटलं. कुटुंबाचा कर्ता, त्याग वगैरे. तेवढ्यात चुलीजवळून आवाज आला.

"आक्का, आप्पास्नी सांगा, कोण ऱ्हायलं तरी चालंल, खरं त्येंनी आलंच पायजे."

"का गं?"

"मला त्या दर्याशी भांडायचं हाय. माझा नारळ घेऊन माणूस दिला न्हाई त्येनं. म्या म्हणीन दिला, त्यो म्हणंल घेतला न्हाई. साक्षीला आप्पा पायजेत."

कुणी हसलं नाही. मनुबाईंनी एकदम एवढी वाक्यं बोललेली कुणी ऐकली नव्हती. रोजच्या मिठाच्या चिमटीचा अर्थ एकेकाच्या डोक्यात उजाडत गेला. रुक्माबाईंनी पदर तोंडाला लावला. मारुतीरावानं समजुतीच्या सुरात सांगून बघितलं, की वहिनी, तो नारळ मुंबईला दिलेला, आपण जाणार मुरगावला. मनुबाई म्हणाल्या, दर्या एकच असतो, शामूला विचारा. शामूनं, सांधेवाल्याच्या अधिकारानं, एकच असतो असं सांगितलं.

ज्योतिबा मात्र बापाकडं बघत होता.

"आप्पा," तो हळूच म्हणाला, "तुमी ल्हानपणी मला सांगायचासा, दर्याच्या कडंला लोक म्हसरं धुत्यात म्हणून."

"मग?"

"काय न्हाई. आठवलं."

आप्पा उठले. साक्षीला गेलं तर समुद्रासमोर खोटं बोलायचं. न जावं तर का नाही ते सांगायचं. कर्त्या माणसाला अशा वेळी एक जागा असते, तिथं ते गेले. म्हणाले, एवढी भवति न भवति कशाला, उद्या आयतवार आहे, रवळनाथाला कौल लावू. मनुबाईंनी जावं की नाही ते देव सांगेल.

 जयाबाई म्हणाल्या की मामलेदार कचेरीतसुद्धा अवघड कागद असेच वर पाठवतात.

*

रविवारी सकाळी सातलाच आप्पा मष्णू गुरवाला एकटे गाठून आले. मष्णू त्यांच्या वयाचा, दोघे एकाच ओढ्यात पोहायला शिकलेले. आप्पांनी पाटाच्या पाण्यावरून सुरुवात केली, उन्हावरून पुढं गेले, आणि शेवटी म्हणाले की डाव्या बाजूच्या पाकळीला पाणी जरा बेतानंच लागलं तर लवकर सुटत असेल नाही.

मष्णू समई घासत होता. त्यानं मान वर केली नाही. "आप्पा, पाटाचं पाणी तुमी वळवा. हे देवाचं हाय."

दहा वाजता सगळे देवळात होते. कौलाची रीत साधी. देवाच्या दोन्ही खांद्यांवर पाण्यानं एकेक पाकळी चिकटवायची आणि प्रश्न विचारायचा. उजवी आधी पडली तर हो, डावी आधी पडली तर नाही. पडेपर्यंत कुणी उठायचं नाही. आणि पाकळ्या लागल्यापासून पडेपर्यंत देवळात खोटं बोलायचं नाही, कारण तेवढा वेळ देव कान देऊन असतो. हा दुसरा नियम आप्पांच्या लक्षात पाकळ्या लागल्यानंतर आला.

मष्णूनं गाऱ्हाणं घातलं. "बा रवळनाथा, तुझी लेकरं आगगाडीनं मुरगावला निघाल्यात. त्यात भावकूच्या मनुबाईनं जावं की जाऊ नये, त्येचा कौल दे."

पाकळ्या हलल्या नाहीत. पाव तास झाला. मारुतीरावानं खिशातलं घड्याळ काढून बघितलं आणि रुक्माबाईंनी डोळे वटारल्यावर आत ठेवलं. शामूनं जांभई दिली. बसून बसून माणसं बोलू लागतात तशी बोलू लागली. ज्योतिबानं बोटीवरचं सांगितलं: चार दिवस नुसतं ओकणं, मग सवय. जिकडं बघावं तिकडं पाणी, काठ म्हणून नाही, आणि पाण्याचा रंग सकाळी एक, दुपारी दुसरा. रुक्माबाईंनी विचारलं, पलीकडचा काठ बारीक तरी दिसत असेल की, हे तर म्हणायचे दिसतो. ज्योतिबा म्हणाला, ते ज्याच्या त्याच्या नजरेवर असतं. खोटं बोलायचं नव्हतं, म्हणून त्यानं इतकंच म्हटलं.

मनुबाई ऐकत होत्या. त्या आज न्हाऊन, ठेवणीतलं लुगडं नेसून आल्या होत्या, जणू कौल उजवाच होणार आणि गाडी देवळाच्या दारातूनच सुटणार. त्या रुक्माबाईंच्या कानाशी वाकल्या. कुजबुज आप्पांनी ऐकली, तरी रुक्माबाईंनी ती रीतीप्रमाणं मोठ्यानं सांगितली.

"मनू इचारती, तुमी नारळ टाकला तवा त्यो तरंगला का बुडाला?"

साधा प्रश्न होता. काल विचारला असता तर तरंगला म्हणून मोकळे झाले असते. आप्पांनी देवाकडं बघितलं. दोन्ही पाकळ्या जागच्या जागी होत्या.

"ठावं न्हाई," ते म्हणाले.

"ठावं न्हाई म्हंजे? तुमीच टाकलासा की."

"न्हाई टाकला."

आणि मग, एकतीस वर्षं दाबून ठेवलेलं ते सगळं, मधे न थांबता, त्यांनी रुक्माबाईंच्या खांद्यावरून समोरच्या खांबाला सांगितलं. मागच्या डब्यात गर्दी नव्हती म्हणून ते आडवे झाले. डोळा लागला. मिरजेत गाडीचे मागचे डबे तोडून कोल्हापूरच्या गाडीला जोडले, ते त्यांना झोपेत कळलं नाही. उजाडलं तेव्हा ते कोल्हापुरात होते आणि भावकू पुण्याच्या वाटेवर. मुंबईचं तिकीट होतं, पण मुंबईची गाडी नव्हती. तोंड दाखवायची लाज वाटली. मुंबईला जाऊन यायला लागतात तितके दिवस कोल्हापुरात काढले. नारळ अंबाबाईच्या पायाशी फोडला. अर्धी कवड परत मिळाली ती दुसऱ्या दिवशी भुकेपोटी खाल्ली. दोन दिवस रंकाळ्याच्या काठावर बसून राहिले.

"म्हसरं धूत हुते तितं," ते शेवटी म्हणाले.

 मारुतीरावाला हा भाऊ नवाच दिसत होता. ज्योतिबा जमिनीकडं बघून म्हणाला, की मुंबईच्या धक्क्यावर उभं राहून दर्या पहिल्यांदा पाहिला, तेव्हाच त्याला समजलं होतं. आप्पांनी त्याच्याकडं बघितलं. 

मनुबाई उठल्या. पाकळी पडेपर्यंत उठायचं नाही हे मष्णूनं सांगून बघितलं. त्या रुक्माबाईंना वळसा घालून आल्या आणि आप्पांच्या समोर, चार हातांवर, उभ्या राहिल्या. चौतीस वर्षांत त्या पहिल्यांदाच त्यांच्याशी बोलल्या.

"मिरजंतनं गाडी तुटली. त्येच्या आधी तुमची त्येंची भेट झालती?"

आप्पांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं. "झालती. गोकाक रोडला गाडी थांबली, तवा त्यो डब्यापाशी आलता. खिडकीतनं बोलला."

"काय बोलले?"

 हेच सगळ्यात अवघड होतं. बाकीचं त्यापुढं काही नव्हतं.

"म्हणाला, आप्पा, ह्यो डबा मिरजंत तुटतोय, कोल्लापूरला जातोय. फुडं येऊन बस. म्या व्हय म्हटलं. मग जाता जाता वळून म्हणाला, व्हय म्हणून झोपू नगंस, मला ठावं हाईस तू."

बाहेर चिंचेखाली बैलाच्या गळ्यातली घंटा वाजली. रुक्माबाई नवऱ्याकडं अशा बघत होत्या की घरी गेल्यावर त्यांचं काय होणार ते कुणालाही वाचता यावं.

मनुबाईंच्या खांद्यांना आधी कंप आला. त्या रडतात असं वाटून जयाबाई पुढं झाल्या. त्या हसत होत्या. आवाज न करता, तोंडाला पदर लावून, मग पदर सोडून, मोठ्यानं.

"तस्संच बोलायचे," त्या म्हणाल्या. "अक्षी तस्संच. मलाबी म्हणायचे, व्हय म्हणून इसरू नगंस." आणि पुन्हा हसू लागल्या. एकतीस वर्षांत भावकूचं एकही नवं वाक्य त्यांच्या कानी आलं नव्हतं. होती ती वापरून वापरून झिजली होती. हे कोरं होतं, आणि आवाजासकट.

हसणं रुक्माबाईंना लागलं, मग जयाबाईंना. शामूनं विचारलं, कोल्हापूरच्या गाडीतून मुंबईला निघालेला माणूस आपल्या सहलीचा कर्ता, मग आपला सांधा कोण बदलणार. त्यावर मारुतीरावसुद्धा पत्रकासकट हलू लागला. ज्योतिबा हसता हसता डोळे पुसत होता. एकटे आप्पा गंभीर होते, आणि ते बघून सगळे आणखी हसत होते.

मनुबाई सावरल्या. डोळे कोरडे केले.

"म्हंजे दर्यानं काय घेतलंच न्हाई माझं?"

"न्हाई."

"आणि म्या रोज उठून त्येला जाळतोय." तिकडच्या बायकांच्या रीतीनं मनुबाई स्वतःबद्दल बोलताना 'जाळतोय' असंच म्हणत. "ह्येचं पाप कुणाला?"

"मला," आप्पा म्हणाले.

"तुमालाच. मग आता नारळ द्यायलाच पायजे. त्येचा ऱ्हायलाय त्यो. तुमच्या हातानं, माझ्या डोळ्यांदेखत. आणि गाडीत झोपायचं न्हाई, मुरगावपातूर मी समोर बसणार."

"न्हाई झोपत."

"माझा खण काय केलासा?"

आप्पांनी सांगितलं की तो बियाण्याच्या कणगीत, तळाशी आहे. दर वर्षी पेरणीला कणगी रिकामी होते तेव्हा ते तो काढतात आणि नवं बी भरताना पुन्हा ठेवतात. रुक्माबाईंना हे माहीत नव्हतं, आणि त्या घरातली एकही चिंधी आपल्याला माहीत नाही असं नाही, असं त्या आजवर समजत होत्या.

"पाकळी," मारुतीराव एकदम म्हणाला.

सगळ्यांनी देवाकडं बघितलं. दोन्ही खांदे रिकामे होते. एक पाकळी उजव्या पायाशी होती, एक डाव्या. आधी कुठली पडली, ते मष्णूला विचारलं. मष्णू खांबाला टेकून उभा होता आणि त्याच्या चेहऱ्यावरचं हसू अजून पुरतं गेलं नव्हतं.

"म्याबी ऐकत हुतो," तो म्हणाला.

*

कौल पुन्हा लावायचा तर पुढच्या रविवारी, २८ तारखेला. तिकिटांचा आकडा शामूला शुक्रवारी, २६ तारखेच्या आत पाहिजे होता. मष्णूचं मत विचारलं तेव्हा तो म्हणाला की देव हसण्यात सामील झाला असेल तर तो होकारच समजावा, पण हे माझ्या नावावर सांगू नका.

दुपारी कणगी उपसली. खण निघाला, घड्यांवर फिका पडला होता, आत हिरवा होता. मनुबाईंनी तो उन्हात टाकला आणि स्वतः शेजारी बसून राखण केली. सोमवारी सकाळी पहिली भाकरी झाली तेव्हा मनुबाईंचा हात सवयीनं मिठाच्या मडक्याकडं गेला, थांबला, आणि चिमूट पिठात पडली. आप्पांनी ते पाहिलं. भाकरी किंचित खारट झाली होती. त्यांनी दुसरी मागून घेतली, आणि "वाढू का अजून" हे मनुबाईंनी त्यांना थेट विचारलं. रुक्माबाई मधेच बसल्या होत्या. एवढ्या वर्षांचं काम हातचं गेल्यामुळं त्यांना जरा चुकल्यासारखं झालं.

कचेरीला परत जाण्याआधी मारुतीरावानं पत्रक नव्यानं लिहिलं. सात नावं झाली. कार्यक्रमात मुरगाव बंदराच्या खाली एक ओळ वाढली: 'नारळ, हस्ते नागोजी.' सर्वांत खाली, रेघ मारून, 'म्हशीजवळ' असं लिहिलं होतं आणि पुढं जागा सोडली होती. सोमवारी, २२ एप्रिलला, सकाळी साडेनऊला तो कागद घेऊन उचगावातून निघाला तेव्हा ती जागा कोरी होती. गोठ्यात चांदीची कास उतरू लागली होती, म्हणजे व्यायला आता फार दिवस नव्हते.